डाव्या बाजूची पायरी

मी एक जुनी जीप बोलतेय. जरा मोठ्याने बोलावं लागतंय, कारण माझं इंजिन चालू आहे आणि सायलेन्सरचा एक जोड अजून फुसफुसतो. मी चढावर उभी आहे. हँडब्रेक ओढलेला आहे, मागच्या चाकांना दोन दगड लावलेत, आणि पुढे रस्ता संपल्यासारखा झालाय. कडा कोसळून खाली आलेले धोंडे, त्यांच्यामध्ये पाण्याने उकरलेली चर आणि चरीच्या पलीकडे पुन्हा रस्ता.

आणि इथे मायलेकांचं भांडण जुंपलंय. आई माझ्या आत, स्टिअरिंगवर. मुलगा बाहेर, माझ्या नाकासमोर.

"आई, तू उतर. एवढा तुकडा मी नेतो."

"का? इथपर्यंत काय तू आणलीस?"

यांचं मिटेपर्यंत मला गप्प उभं राहवत नाही. उभं राहण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. तेवढ्या वेळात तुम्हाला माझी हकिकत सांगून टाकते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. एक लांब ओळ होती आणि ओळीत माझ्यासारख्याच कितीतरी जणी होत्या. मला हवामान कार्यालयाने घेतलं. वरच्या पठारावर त्यांचं एक केंद्र होतं. एक खोली, एक पांढरी झडपांची पेटी आणि वारा आला की गरगर फिरणाऱ्या चार वाट्या, एवढंच. तिथे वारा आणि पाऊस मोजायला एक तरुण बाई नेमली होती. बॅटऱ्या, रॉकेल, पाणी आणि बाई, हे सगळं वर नेणं माझं काम.

ड्रायव्हर होता, पण चढ दिसला की त्याच्या पोटात दुखायचं. तिसऱ्यांदा पोट दुखलं तेव्हा बाईंनी त्याच्याकडून किल्ली मागून घेतली, ती कायमचीच.

बाईंच्या हाताची मला पहिल्या दिवसापासून सवय लागली. त्या गिअर ओढायच्या नाहीत, नुसता सरकवायच्या. अवघड वळण आलं की डॅशबोर्डवर थाप मारून म्हणायच्या, "चल गं, घाबरतेस काय." मी घाबरलेली असायचे, त्याही असायच्या. पण दोघी चढायचो.

मग केंद्रात एक यंत्र आलं. ते आपलं आपण वारा मोजतं. त्याला पगार लागत नाही आणि त्याची रजाही नसते. बाईंची बदली खालच्या कचेरीत झाली, माझी भंगारात. लिलावाच्या दिवशी बाई आल्या, तेव्हा भंगारवाला हसला. "बाई, या खटाऱ्याचं काय करणार?"

"घरी नेणार," बाई म्हणाल्या. "तिचं सगळं सामान घेऊन." म्हणजे जॅक, पाना आणि एक गळकी कॅन.

घरामागे पत्र्याची शेड होती, तिथे मी आले. सुरुवातीला बाजारहाटाला बाई मला काढायच्या. पुढे ब्रेक गेले, बॅटरी बसली, आणि बाईंचा डावा गुडघाही कुरकुरायला लागला. हळूहळू माझ्यात रद्दी आली, मोडकी सायकल आली आणि सीटवर मांजरीने संसार थाटला. माणसांचं एक मला कळलेलं नाही. वस्तू टाकून द्यायला त्यांचं मन होत नाही, पण तिच्याकडे बघायलाही त्यांना वेळ होत नाही.

बाईंचा मुलगा लहानपणी माझ्यात बसून तोंडाने गाडी चालवायचा. शाळेत त्याचं मन रमलं नाही. लवकर सोडली आणि खिडक्यांच्या ग्रिल बनवणाऱ्या कारखान्यात वेल्डिंग शिकला. हात बरा आहे त्याचा. तोंड मात्र चार माणसांत उघडत नाही. दुकानात सुटे पैसे परत मागायलाही लाजतो. माझ्याखाली आडवा झाला की मात्र घडाघडा बोलतो. आई त्याला 'इंजिनिअर' म्हणते, थोडं चिडवायला आणि थोडं लाडाने.

एकदा दवाखान्यातून आल्यावर बाई वाळलेले कपडे घडी करत म्हणाल्या, "गुडघ्याचं ऑपरेशन करायचं म्हणतात. त्याआधी एकदा वर जायचंय रे, केंद्रावर."

"रस्ता वाहून गेलाय, आई."

"म्हणून तर. साध्या गाडीचं काम नाही."

दुसऱ्या दिवशी मांजर बाहेर गेली आणि तो आत आला.

मग काय सांगू! मोबाइल विटेला टेकवून, त्यातले व्हिडिओ बघत, तो मला खोलायला लागला. ब्रेक नवे झाले, वायरिंग नवी झाली, जिथे गंज होता तिथे पत्र्याचं ठिगळ लागलं. इथपर्यंत ठीक होतं. पुढे त्याला चेव चढला. माझे जुने स्प्रिंगचे पाटे काढून जास्त बाकाचे पाटे घातले, म्हणजे माझं पोट धोंड्यांना लागायला नको. मग त्या उंचीला शोभतील असे भलेमोठे टायर आले. पुढे अडकलेली गाडी ओढून काढणारी, लोखंडी दोराची विंच आली. खोल पाण्यातही इंजिनला श्वास घेता यावा म्हणून हवेचं नळकांडं बोनेटच्या कडेने पार छपरापर्यंत गेलं. जुनी सीट काढून नवी आणली आणि खालच्या पट्ट्यांना पक्की वेल्ड केली, स्वतः बसून, पाय लांब करून, मापात.

शेजारी एक काका राहतात. त्यांच्याकडे सगळ्या मापांचे पाने आहेत आणि दिलेला पाना परत मागायला ते दर थोड्या वेळाने येतात. गल्लीत त्यांना पानाकाकाच म्हणतात. ते येऊन मान वर करून माझ्याकडे बघायचे. "काय रे, गाडी करतोयस की मचाण?"

तो खालूनच हसायचा.

आतून बाईंचा आवाज यायचा, "झालं का रे?"

"एवढं झालं की निघू."

हे वाक्य मी किती वेळा ऐकलं! एवढं झालं की दुसरं एवढं निघायचं. मी तर आतल्या आत तडफडायचे. तेल नवं, टाकी भरलेली, आणि मी आपली शेडमध्ये. खरं सांगायचं तर उंच झाल्यावर कुंपणाच्या भिंतीवरून पलीकडचा रस्ता दिसायला लागला होता, आणि त्याने जिवाची जास्तच घालमेल व्हायची. लोक जाताहेत, येताहेत, भाजीचा टेंपोसुद्धा कुठेतरी जाऊन येतो. मी कधी जाणार?

आणि बाई? त्यांचा गुडघा दर महिन्याला थोडा थोडा राजीनामा देत होता. आधी त्या शेडपर्यंत चालत यायच्या, मग दाराच्या चौकटीला धरून विचारायला लागल्या, मग बसल्या जागेवरून.

शेवटी निघायचा दिवस ठरला. बाई टोपी घालून, पाण्याची बाटली घेऊन आल्या. समोर आलेलं डावं दार उघडलं, एका हाताने चौकट धरली, पाय उचलला. पाय माझ्या दाराच्या तळापर्यंत पोचलाच नाही. पुन्हा उचलला. गुडघ्यात काहीतरी कडकन वाजलं, ते मलाही ऐकू आलं.

"अरे इंजिनिअर," बाई हसून म्हणाल्या, "शिडी राहिली की." आणि टोपी काढून घरात गेल्या. गॅस बंद करायचा राहिला म्हणाल्या. गॅस बंदच होता.

पोराने शेडच्या भिंतीवर खडूने सगळी मापं लिहून ठेवली होती. पोटाखालची उंची, टायर आणि मडगार्डमधली फट, नाकाचा कोन. आईचा पाय किती वर उचलतो, हे माप तेवढं नव्हतं.

पण तो हरणारा नाही. त्याने डाव्या बाजूच्या दाराखाली एक लोखंडी पायरी वेल्ड केली. घसरू नये म्हणून वर टायरचा तुकडा कापून बसवला, आणि धरायला आत एक दांडा. काम इतकं सुबक की पानाकाका दोनदा हात फिरवून गेले. मग त्याने आईला बोलावलं.

बाईंनी पायरीकडे मायेने बघितलं. मग माझ्या नाकासमोरून वळसा घालून त्या उजव्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या.

"आई, पायरी इकडं आहे."

"आणि स्टिअरिंग कुठं आहे?"

पोरगा बघतच राहिला. पानाकाका हातातल्या पान्यावरचा नंबर वाचायला लागले.

"तू चालवणार?"

"मग काय बाजूला बसून झाडं मोजू?"

"पण तुला वर नेतो असंच ठरलं होतं ना आपलं?"

"ते तू ठरवलंस. मी म्हणाले होते, मला जायचंय." बाईंनी माझ्या बोनेटवर हात ठेवला. "ऑपरेशननंतर क्लचचं नाव काढायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय. तुला मुद्दामच बोलले नाही. तू मला लोणच्याच्या बरणीसारखं फडकं बांधून फळीवर ठेवलं असतंस."

त्याने स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं. काका एका बाजूला, तो दुसऱ्या बाजूला. बाई चढल्या, स्टिअरिंग धरलं, डावा पाय पुढे केला. पाय क्लचच्या अलीकडे हवेत राहिला. सीट त्याच्या पायांच्या मापाची होती आणि तसूभरही सरकत नव्हती. बाई तशाच उतरल्या.

त्यानंतर बरेच दिवस तो शेडमध्ये फिरकला नाही. मांजरसुद्धा येऊन हुंगून गेली. मला वाटलं, झालं, पुन्हा रद्दी आणि सायकल.

एका सुट्टीच्या सकाळी ग्राइंडर सुरू झाला. ठिणग्या उडाल्या. सीटच्या पट्ट्या कापल्या गेल्या, जुनी सीट आली, तिच्या सरकत्या पट्टीला तेल मिळालं. पाण्याच्या टाकीमागे पडलेले माझे जुने पाटे घासूनपुसून परत बसले. मोठे टायर उतरले.

पानाकाका धावत आले. "अरे, हे काय? बसवलेलं काढतोयस?"

"हो."

"मग बसवलं कशाला होतंस?"

"चुकून," तो म्हणाला.

काका त्याच टायरांच्या चळतीवर बसले आणि न मागता एकेक पाना पुढे करत राहिले.

मी पुन्हा बुटकी झाले. समोर परत भिंत आली. वाईट वाटलं, नाही असं नाही. शेवटी तो ग्राइंडर घेऊन पायरीपाशी वाकला, तेव्हा बाई म्हणाल्या, "ती राहू दे. कुणाला तरी लागेल."

उरला क्लच. त्याच्या नळीत हवा शिरली होती, आणि ती काढायला दोन माणसं लागतात. एक वर पेडलवर, एक खाली नटावर. बाई वर बसल्या.

"दाब," खालून आवाज. "धर. सोड."

"दाब. धर. सोड."

दर 'धर'ला बाईंचा श्वास अडकायचा. त्या आवाज करत नव्हत्या, पण पेडलमधून पायाची थरथर खालपर्यंत जात होती. पोराचा हात नटावर होता. त्याला सगळं कळत होतं.

"दुखतंय का?"

"तू नट आवळ."

त्याने नट आवळला. मग बाहेर येऊन पेडल काढून कारखान्यात घेऊन गेला. आणलं तेव्हा त्याचा दांडा थोडा लांब झाला होता. आता पाय जरा जास्त खोल न्यावा लागतो, पण जोर बराच कमी लागतो. बाईंनी एकदा दाबून बघितलं, दोनदा बघितलं आणि नाक पुसलं. "धूळ फार आहे तुझ्या शेडमध्ये."

आज सकाळी आम्ही निघालो. चौकात मी एकदा बंद पडले. मागच्याने हॉर्न वाजवला, तर बाईंनी खिडकीतून डोकं काढून त्याला असं काही सुनावलं की तो बिचारा सिग्नल सुटल्यावरही थांबून राहिला. शहर संपलं, डांबर संपलं, आणि मला जुन्या वळणांचा वास यायला लागला. त्या गिअर ओढत नव्हत्या. नुसता सरकवत होत्या.

आणि आता इथे थांबलोय. वर, त्या वळणापलीकडे, केंद्राच्या खोलीचं छप्पर दिसतंय.

"घसरली तर?" तो विचारतोय.

"तर विंच आहे. तूच लावलीस ना?"

"आणि गुडघा?"

"गुडघा माझा आहे."

तो दोन्ही हात पसरून माझ्यासमोर उभा आहे, जसा काही मला मिठीत धरून थांबवणार आहे. अरे बाबा, स्वतःच्या हाताने माझा एकेक बोल्ट आवळला आहेस. तुला माझी भीती नाही, तिची काळजी आहे, हे मला कळतं. पण मला आणि तिला उभं ठेवून कुणाचंच भलं होत नाही रे. बाजूला हो. येऊ दे आम्हाला.

तो खाली बघतोय. वाकला. चरीच्या तोंडाशी असलेला एक धोंडा त्याने लोटून दिला. दुसरा पक्का आहे का, हे पाय देऊन बघितलं. मग मागे गेला आणि चाकांना लावलेले दगड काढले.

"आता तिथं उभा राहून माझ्याकडे असा बघू नकोस," बाई म्हणताहेत. "माझे हात कापतात. आत ये."

तो डाव्या बाजूला आलाय. पायरीवर पाय ठेवला. दांडा धरला. आईसाठी केलेल्या त्या जागेवर चढून बसला आणि दार ओढून घेतलं.

"लागली ना कुणाला तरी?" बाई म्हणाल्या.

त्याने दांडा घट्ट धरलाय.

बाईंचा डावा पाय खाली जातोय. अजून खाली. श्वास अडकला, पण पाय टेकला. पहिला गिअर पडला. हँडब्रेक सुटतोय. माझं बोलणं इथेच पुरे, यापुढे मला चाकांकडे लक्ष द्यायचंय.

डॅशबोर्डवर थाप पडली.

"चल गं."