शिवणीसकट घर

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून सासूबाई माझ्या नणंदेकडे राहत होत्या, कारण आमचं एकुलतं एक बाथरूम जिना चढून वर. लेकीकडे काही कमी नव्हतं. पण तिथलं बाथरूम अडचणीचं, त्यामुळे अंघोळीला कुणीतरी हात धरून न्यायचं आणि दार नुसतं लोटून बाहेर उभं राहायचं. शिवणयंत्रावर अख्खं घर चालवलेल्या बाईला हे कसं सोसावं? रोज फोनवर एकच प्रश्न, "माझं बाथरूम कधी होतंय गं?"

जिन्याखाली जागा होती, गवंडी तयार होता. घोडं अडलं होतं परवानगीपाशी. नगरपालिकेच्या ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, "एवढ्याशा कामाला आर्किटेक्ट कशाला? नकाशा तुम्हीच काढा. फक्त कंप्युटरवर काढा आणि मापं नीट टाका."

आमच्या ह्यांना तेवढंच निमित्त हवं होतं. ह्यांनी असं भारी सॉफ्टवेअर घेतलं, की त्यात खोल्यांमधून फिरता येतं, खिडकीतून ऊन येतं आणि सोफ्यावर मांजरसुद्धा बसवता येतं. नमनालाच घडाभर तेल! आठवडाभर हे पडद्यांचे रंग बदलत बसले.

"अहो, बाथरूम कुठाय?"

"थांब गं, आधी फरशी ठरू दे."

"आई काय तुमचं मांजर बघायला थांबल्यात?"

शेवटी माझं डोकं फिरलं. मी दिसायला अगदी दरिद्री असं दुसरं सॉफ्टवेअर शोधलं. भिंत म्हणजे रेघ, दार म्हणजे पाव वर्तुळ, लांबी आकड्यात लिहायची आणि कागदावर प्रमाणात छापायचं. बस्स. ऑफिसला तरी दुसरं काय हवं होतं? शिवणकाम माझंही; गळ्यातली टेप काढली आणि गिऱ्हाइकाचं घ्यावं तसं सगळ्या घराचं माप घेतलं. संध्याकाळपर्यंत नकाशा तयार! मी ह्यांच्यासमोरून दोनदा मिरवून घेतलं.

नकाशा परत आला. ऑफिसातल्या बाई हसू दाबत म्हणाल्या, "तुमचं घर शेजाऱ्यांच्या घरात वीतभर शिरलंय."

माझं तोंड बघण्यासारखं झालं. ह्यांनी सॉफ्टवेअरला नावं ठेवली. मी रडकुंडीला येऊन सासूबाईंना फोन लावला. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "शिवणीला किती सोडलंस?"

मी नकाशावरचे आकडे पुन्हा पाहिले. दर भिंतीच्या दोन्ही टोकांना मी शिवणीत जाणारं जादा कापड धरलं होतं! कापडाला इतकी वर्षं तेच करत आले, हात आपोआप तसाच चालला.

"मीच शिकवलंय तुला," सासूबाई पोट धरून हसत म्हणाल्या. "पण अगं, विटा उसवून परत शिवता येत नाहीत."

खरी मापं टाकली आणि माझं हसू मावळलं. बाथरूम अंगाला घट्ट होत होतं. दार आतल्या बाजूला उघडलं की सासूबाईंचा वॉकर अडकत होता. म्हणजे पुन्हा कुणीतरी हात धरा, पुन्हा दार लोटून बाहेर उभे राहा. मग आमच्याकडे येऊन त्यांनी मिळवलं काय?

तेवढ्यात मागून डोकावणाऱ्या ह्यांनी पुढे होऊन त्या पाव वर्तुळावर बोट ठेवलं. "हे बाहेर उघडलं तर?"

मी क्लिक केलं. दार फिरलं. आत वॉकरला वळायला जागा झाली. मांजरवाल्या माणसाला मी पहिल्यांदा मनापासून शाबासकी दिली.

नकाशा पास झाला, बाथरूम बांधून झालं. सासूबाई आल्या त्या दिवशी चहासुद्धा न घेता वॉकर टेकत थेट जिन्याखाली गेल्या. दार ओढून घेतलं. सवयीने मी बाहेर उभी राहिले. आतून कडी लागल्याचा आवाज आला आणि माझे डोळे भरून आले.

"बरोबर बसलंय गं," आतून आवाज आला. "आता तिथे उभी राहू नकोस. जा, काम कर."