सहाशेतली एक बाटली

नाक्यावरचे साहेब बाटल्या तिसऱ्यांदा मोजत होते आणि माझा पारा चढत होता. दोनदा मोजून पाचशे नव्याण्णव भरल्या होत्या. तिसऱ्यांदा मोजल्याने सहाशेवी काही आभाळातून पडणार नव्हती. पण साहेबांचा नियमावर फार जीव. चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर आला तरी दर खोक्याला बोट लावून ते पुटपुटत होते.

"पाचशे नव्याण्णव," ते शेवटी म्हणाले. "परवान्यावर सहाशे आहेत."

"एक फुटली, साहेब," धाकटा म्हणाला. "काल संध्याकाळी. खड्डा आला."

धाकटा म्हणजे माझा भाऊ, टेम्पोचा चालक. मी द्राक्षांची वाइन करते आणि राज्याबाहेर जाणारा हा माझा पहिलाच माल. पुलाच्या अलीकडे आमचं राज्य, पलीकडे दुसरं. दोन्हीकडची दारूची खाती वेगळी आणि दोघांचं एकमेकांशी विळ्याभोपळ्याचं सख्य. दोघांच्या सह्या मिळवायला मला आठ महिने आणि चपलांचे दोन जोड लागले. परवान्यावर सगळं छापलेलं: बाटल्या किती, टेम्पो कोणता, चालक कोण, रस्ता कुठला, आणि मुदत आज संध्याकाळी सहापर्यंत. सहाच्या आत माल पलीकडच्या हॉटेलात पोचला नाही तर परवाना म्हणजे रद्दी, आणि हॉटेलवाले दुसरा कुणी शोधणार. नाक्यावर मालकाने स्वतः हजर राहायचं असतं, म्हणून मी सकाळच्या बसने येऊन बसले होते. आता दोन वाजले होते.

"फुटली तर काचा कुठायत?" साहेबांनी विचारलं. "बाटलीची मान आणि बुचावरची सरकारी पट्टी दाखवा. मी फूटतूट लिहितो, तुम्ही जा. नाहीतर बाटली वाटेत विकली असंच धरावं लागतं. चौकशी होईपर्यंत गाडी इथेच."

"काचा टाकल्या," धाकटा म्हणाला. "रात्री ज्या खानावळीपाशी थांबलो, तिथल्या कचऱ्यात. टेम्पो पण धुतला. तीनदा, साबणाने."

टेम्पो खरंच लख्ख होता. आमच्या दारात उभा असताना तो इतका स्वच्छ मी कधी पाहिला नव्हता. भिजलेलं खोकंसुद्धा धाकट्याने बदललं होतं.

"स्वतःच्याच बाजूचा पुरावा धुऊन टाकणारा माणूस मी नोकरीत पहिल्यांदा पाहतोय," साहेब म्हणाले आणि खानावळीला फोन करायला आत गेले.

आता खरी गोष्ट सांगायला हवी. तीन वर्षांपूर्वीपर्यंत धाकटा पीत होता. थोडी नाही. नोकरी, संसार, बाबांचं घड्याळ, सगळं त्यात गेलं. मग एके दिवशी सोडली ती सोडलीच. मी त्याच्या हाती टेम्पो दिला तेव्हा साऱ्या गोतावळ्याने कपाळाला हात लावला. काकू तर तोंडावर म्हणाली, "चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या." तिला मी चांगलंच फैलावर घेतलं होतं. आणि आता मी काय केलं? साहेबांची पाठ वळल्यावर कागद बघण्याच्या निमित्ताने धाकट्याच्या अगदी जवळ गेले आणि हळूच श्वास ओढला. साबणाचा वास आला.

"मघाशी यंत्रात फुंकलंय मी," तो म्हणाला. "शून्य आलं."

"कालचं आज कुठे दिसतं यंत्रात," मी बोलून गेले. माझ्या जिभेला हाड नाही.

तो चिडला असता तर बरं झालं असतं.

"ताई, काचा जपून ठेवायच्या हे तू सांगितलं होतंस," तो म्हणाला. "माझ्या लक्षातही होतं. पण सबंध रात्र त्या वासाशेजारी झोपायचं होतं. मला नसतं जमलं. म्हणून टाकल्या, आणि धुवत बसलो."

भांडायला कुणी समोर असलं की मला शब्द कमी पडत नाहीत. असं कुणी सरळ खरं बोललं की माझी बोलती बंद होते. मला माझीच लाज वाटली.

साहेब बाहेर आले. खानावळवाला कचऱ्यात बघायला तयार झाला होता. काही सापडलं तर इकडे येणाऱ्या दुधाच्या टँकरबरोबर पाठवणार होता. पण कचऱ्याची गाडी येऊन गेली असली तर त्याचाही इलाज नव्हता.

"तोवर एकच वाट आहे," साहेब म्हणाले. "मालकाने स्वतःच्या हाताने हमी लिहून द्यायची, की बाटली फुटली, चालकाने ती प्यायलेली किंवा विकलेली नाही. मग मी गाडी सोडतो. पण पुढे खोटं निघालं तर तुमचं लायसन्स गेलं. कायमचं. नीट विचार करा, बाई."

"नको लिहूस, ताई," धाकटा म्हणाला. "राहू दे गाडी. माझ्यासाठी एवढं पणाला लावू नकोस."

"तू गप्प बस. साहेब, पेन द्या."

पेन टेबलाला दोरीने बांधलेलं आणि दोरी आखूड. मी जवळजवळ टेबलावर आडवी होऊन लिहिलं: 'सदर बाटली खड्ड्यात आदळून फुटली. चालक माझा सख्खा भाऊ आहे. तीन वर्षं त्याने थेंब घेतलेला नाही, कालही नाही. मी तिथे नव्हते, तरी हे मला माहीत आहे.'

साहेबांनी दोनदा वाचलं. "शेवटचं वाक्य नमुन्यात बसत नाही."

"बसवा," मी म्हटलं.

तीन प्रतींवर शिक्के मारायला त्यांना अर्धा तास लागला. आधी शिक्का उमटेना, मग शाई आणली, मग शाई जास्त झाली. तेवढ्यात दुधाचा टँकर येऊन थांबला आणि त्याच्या चालकाने एक गोणी खाली ठेवली. उगाच जबाबदारी नको म्हणून खानावळवाल्याने कचऱ्यातल्या झाडून सगळ्या फुटक्या बाटल्या पाठवल्या होत्या. हातमोजे चढवून साहेब एकेक तुकडा वाचायला लागले. औषधाची. सरबताची. तेलाची. नववी मान आमची निघाली. बूच घट्ट, पट्टी अखंड, नंबर परवान्यातलाच. बूच न काढता बाटली प्यायची विद्या अजून कुणाला साधलेली नाही, हे साहेबांनीही मान्य केलं. ते चक्क हसले आणि फूटतूट लिहून परवान्यावर सही केली. साडेतीन झाले होते, पुढे दोन तासांचा रस्ता होता.

"आता हमीपत्राची गरज नाही," म्हणत त्यांनी त्यावर आडवी रेघ मारली, 'रद्द' लिहिलं आणि कागद टोपलीकडे नेला.

"तो मला द्या, साहेब," धाकटा म्हणाला.

"अहो, रद्द झालाय. त्याला आता काही किंमत नाही."

"तुमच्याकडे नसेल."

त्याने हात पँटला पुसले, शाई वाळेपर्यंत कागदावर फुंकर घातली आणि घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला. मी त्याच्या शेजारी चढून बसले आणि अख्खा पूल संपेपर्यंत एक अक्षर बोलले नाही. मला ओळखणाऱ्यांना यातलं नवल कळेल.