जिवंत मुलीच्या फोटोला हार

साक्षगंधाचा, म्हणजे साखरपुड्याचा, दिवस उजाडला तरी शोभाताईंची भीती जाईना. खरं तर घाबरण्यासारखं काही नव्हतं. धाकट्या सोनिकाचं लग्न जमलं होतं, खाप्याहून पाहुणे निघाल्याचा फोन आला होता, आणि नागपुरात मानेवाड्यातल्या त्या घरात सकाळपासून पोह्यांवरच्या तर्रीचा खमंग वास सुटला होता. पण समोरच्या खोलीत जायचं म्हटलं की शोभाताई भिंतीकडे न पाहता जात. त्या भिंतीवर थोरल्या भैरवीचा बारावीतला फोटो होता. दोन वेण्या, गोबरे गाल, जाड भिंगांचा चष्मा. फोटोला चंदनाचा हार घातलेला होता.

आणि भैरवी चांगली जिवंत होती!

दचकलात ना? दचकायलाच हवं. पण शोभाताई आणि त्यांचे यजमान विश्वनाथराव काही दुष्ट माणसं नव्हेत. तुमच्याआमच्यासारखीच, चार लोकांत मान खाली घालावी लागू नये म्हणून जपणारी. महाल भागात भांड्यांचं दुकान, शेजाऱ्यापाजाऱ्यांशी गोडीगुलाबी. त्यांनी हे का केलं ते ऐका.

भैरवी कॉलेजात होती तेव्हा एका साड्यांच्या दुकानानं जाहिरातीसाठी तिचे फोटो काढले. तो भला मोठा बोर्ड चौकात लागला आणि विश्वनाथरावांनी दुकानात जायचा रस्ताच बदलला. पोरगी मात्र मागे हटली नाही. मुंबईला गेली, तिघींबरोबर एका खोलीत राहिली, साबणाच्या, दागिन्यांच्या, पंख्यांच्या जाहिराती केल्या. भर मे महिन्यात लोकरीचा स्वेटर घालून दिवसभर उभी राहिली. मॉडेल म्हणून बरं नाव झालं. मग सिनेमात नायिकेची मैत्रीण, नायिकेची वहिनी असं करत करत मागच्या वर्षी ती स्वतः नायिका झाली. पडद्यावरचं तिचं नाव रितिका.

तो सिनेमा शोभाताईंनी पाहिला होता. एकट्यानं, दुपारच्या खेळाला, तोंडाला दुपट्टा गुंडाळून. नागपूरच्या उन्हात तोंड बांधलेल्या बाईकडे कोणी वळून पाहत नाही, ही एक सोय. सिनेमात आंधळ्या बापाला सांभाळणारी भैरवी शेवटी मरते, तेव्हा शोभाताईंना हुंदका आवरेना. शेजारच्या खुर्चीवरच्या बाईनं विचारलं, "कोण लागते वं ते तुमची?"

"कोणी नाही," शोभाताई म्हणाल्या आणि दुपट्ट्याच्या आतच डोळे पुसत बाहेर पडल्या.

पुढे सोनिकासाठी उमरेडचं एक चांगलं स्थळ आलं. पसंती झाली, आणि कुठून तरी त्यांच्या कानावर गेलं की मुलीची बहीण नटी आहे. "विचार करून सांगतो," म्हणाले, ते आजतागायत विचारच करताहेत! त्या धक्क्यानं नवराबायकोची झोप उडाली. म्हणून खाप्याचे लोक पाहायला येणार त्या दिवशी विश्वनाथरावांनी भैरवीचा फोटो उतरवला. पण भिंतीचा रंग उडालेला, फोटोच्या मागे तेवढा चौकोन नवाकोरा. कोणीही विचारलं असतं, इथं काय होतं? फोटो पुन्हा लावला. आता कोणीही विचारलं असतं, ही कोण? पाहुण्यांची गाडी कोपऱ्यावर आली होती. विश्वनाथरावांनी आपल्या वडिलांच्या फोटोवरचा हार काढून बायकोच्या हातात दिला. शोभाताई स्टुलावर चढल्या आणि हार घातला.

"आमची मोठी," त्यांनी पाहुण्यांना सांगितलं. "तापानं गेली."

मुलाची आजी रुखमाबाई डोळ्यांना पदर लावून बसल्या आणि जाताना शोभाताईंना पोटाशी धरून गेल्या. स्थळ जमलं!

तेव्हापासून शोभाताईंना धास्तीनं घेरलं. पाहुणे कधीही डोकावतील म्हणून हार काढता येईना, आणि तो पाहवेना. मुंबईहून फोन उशिरा आला की त्या स्वतःच पुन्हा पुन्हा फोन लावत. मधे भैरवीला साधा ताप आला, तर यांनी फोटोवरून मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. हार तसाच ठेवून! सोनिका एकदा चिडून म्हणाली, "आई, ताईले मारून माह्यं लग्न करून राहिले तुम्ही. मले नाही पाहिजे असं." तिला गप्प केलं. भैरवीला सांगितलं, "साक्षगंध घरच्या घरीच आहे वं, तू शूटिंग सोडून नको येऊ." ती फक्त "बरं" म्हणाली होती.

पाहुणे आले. मुलगा दुर्गेश, त्याचे वडील दादाजी, आजी रुखमाबाई आणि दोनचार नातलग. पाण्याचे ग्लास फिरले, पोह्यांच्या प्लेटा आल्या. दादाजी मोबाइल चाळत बसले होते. एकदम म्हणाले, "हे पाहा गा. सिनेमावाल्यांची बस घाटात उलटली म्हणते. पहाटे शूटिंगले चालले होते. ते रितिका होती म्हणते त्याच्यात."

"कोणती रितिका?" रुखमाबाईंनी विचारलं. "आंधळ्या बापाची पोरगी झाली होती ते? अवो बाप्पा! किती गुणाचं लेकरू! वाचली का नाही?"

"तसं काही लिहिलं नाही. एकदोघं गेले म्हणते."

शोभाताईंच्या हातातली प्लेट कलंडली. तर्री साडीवर सांडली, पण चटका त्यांना कळलाच नाही. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. विश्वनाथरावांचा चेहरा पांढराफटक पडला होता, तरी डोळ्यांनी ते बजावत होते, गप्प राहा. भिंतीवर हाराआडून भैरवी हसत होती.

"लुगडं धुऊन येते," असं काहीतरी पुटपुटत त्या स्वयंपाकघरात गेल्या. भैरवीला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद.

तिथं चहाला आधण ठेवून सिंधूताई उभ्या होत्या. भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या, महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली दीक्षाभूमीवर धम्म स्वीकारला होता. कोणतीही गोष्ट तपासल्याशिवाय मानायची नाही, ही त्या घराची शिकवण. भैरवीला पाटीवर पहिलं अक्षर त्यांनीच शिकवलं होतं. हार दिसल्यापासून त्या समोरच्या खोलीत पाऊल टाकत नव्हत्या. आज आल्या त्या सोनिकासाठी, आणि स्वयंपाकघरातच राहिल्या.

"सिंधूताई, माह्या हातानं झालं!" शोभाताई ओट्याला धरून खाली बसल्या. "जित्या पोरीले हार घातला म्या. तो लागला तिले. म्याच खाल्लं माह्या लेकराले!"

सिंधूताईंनी गॅस बंद केला. बातमी ऐकून त्यांचाही जीव थाऱ्यावर नव्हता, पण आवाज शांत होता. "हारानं कोणी मरत नाही, शोभा. बस घाटात उलटली, तुह्या भिंतीवर नाही. ते भ्या मनातून काढून टाक. पण मले एक सांग, आता तू रडशील कोणासाठी? त्या खोलीतल्या लोकांसाठी तर तुही पोरगी कधीचीच गेली. ते वाचली का म्हणून तू विचारशील कोणाले?"

खरंच, शोभाताईंना रडायचीसुद्धा सोय उरली नव्हती.

"तिनं काय चोरी केली? कोणाले फसवलं?" सिंधूताईंचा आवाज आता चढला. "उन्हातान्हात घाम गाळून खाते. लाज कायची वाटते तुम्हाले? दुसऱ्याची पोरगी पडद्यावर दिसली का टाळ्या, अन् आपली दिसली का हार! लोक काय म्हणतीन या भ्यानं तुम्ही तिले जितेपणीच मारलं. बस आज उलटली वं. तुम्ही तर तिले तवाच दरीत ढकललं होतं."

शोभाताई उठल्या. एका बाजूला सोनिकाचं लग्न, नवऱ्याची इज्जत, उमरेडसारखं हे स्थळही मोडण्याची भीती. दुसऱ्या बाजूला कुठल्याशा घाटात पडलेली बस. त्या समोरच्या खोलीत गेल्या, स्टूल ओढलं, त्यावर चढल्या आणि सगळ्यांसमोर फोटोवरचा हार ओढून काढला!

"शोभा!" विश्वनाथराव ओरडले.

"आता नाही गप्प राहणार मी!" फोटो छातीशी धरून त्या म्हणाल्या. "ही भैरवी. हीच तुमची रितिका. ही तापानं नाही गेली, आम्ही खोटं बोललो. आत्ता या घडीले ती जिवंत आहे का नाही, मले ठाऊक नाही! पण काल रात्री होती. काल रात्री तिनं मले विचारलं, आई, जेवली का?"

पहिला पुढे आला तो दुर्गेश.

"त्यांच्यासोबतच्या कोणाचा नंबर आहे का?" त्यानं विचारलं.

आईबाप एकमेकांकडे पाहू लागले. नव्हता. इतक्या वर्षांत पोरगी कोणासोबत काम करते, कोणासोबत राहते, आजारी पडली तर कोण पाणी देतं, हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं! आतल्या खोलीतून सोनिका नटूनथटून तशीच धावत आली. "माह्याजवळ आहे. ताईचा मेकअप करते ती मेघा."

दुर्गेशनं सोनिकाच्या फोनवरून नंबर फिरवला. रिंग वाजत राहिली. कोणी उचलेना. शोभाताईंनी डोळे मिटून घेतले. रिंग थांबली. त्यानं पुन्हा लावला. दादाजींनी हातातली प्लेट खाली ठेवली. रुखमाबाईंचे ओठ हलत होते. शेवटी पलीकडून कोणीतरी "हॅलो" म्हणालं, मागे खूप गलका ऐकू आला, आणि मग घोगऱ्या आवाजात, "कोण? सोनू का वं?"

"भैरवी!" विश्वनाथरावांनी झडप घालून फोन घेतला. "तू बरी आहे ना, बेटा?"

"बरी आहे, बाबा. मी मागच्या गाडीत होती. घाटात रेंज नव्हती, मग फोनच बंद पडला." तिचा आवाज थरथरला. "बाबा, आमचे दोन लाइटवाले गेले. चांगली माणसं होती हो. दवाखान्यात आहो आम्ही सगळे."

विश्वनाथराव मटकन खाली बसले आणि लहान मुलासारखे रडू लागले. स्वयंपाकघरातून सगळं ऐकत असलेल्या सिंधूताई पहिल्यांदाच समोरच्या खोलीच्या उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या. डोळे त्यांचेही ओले होते.

फोन ठेवला गेला, आणि आता दुसरी भीती समोर उभी राहिली. दादाजी उठले होते. "विश्वनाथभाऊ, तुम्ही आमच्याशी खोटं बोलले. हे बरं नाही केलं."

"चुकलो, दादाजीभाऊ. पोरगी सिनेमात आहे समजलं तर तुम्ही नाही म्हणसान, असं वाटलं."

"म्हटलंही असतं कदाचित," दादाजी प्रामाणिकपणे म्हणाले.

तेव्हा रुखमाबाई काठी टेकत पुढे आल्या. "सिनेमाचं सोड. पोरगी काम करते, करू दे. मले भ्या वाटते ते दुसऱ्याच गोष्टीचं," त्या शोभाताईंना म्हणाल्या. "म्या मेलेल्या पोरीसाठी रडली होती तुह्या गळ्यात पडून. जे लोकायच्या भ्यानं जित्या लेकीले मारते, त्या घराशी सोयरीक कशी करावं?"

शोभाताईंनी मान खाली घातली. हा बोल उमरेडवाल्यांच्या नकारापेक्षा जिव्हारी लागला, कारण तो खरा होता.

"आज साक्षगंध होणार नाही," रुखमाबाई म्हणाल्या. मग थोडं थांबून, "थोरलीले बोलवा. तुम्ही काय केलं ते तिले तुमच्या तोंडानं सांगा. तिनं माफ केलं अन् ते इथं माह्या शेजारी येऊन बसली, का त्याच दिवशी साक्षगंध."

त्या संध्याकाळी शोभाताईंनी फोनवर सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, हार कोणाचा तेही सांगितलं. शोभाताईंना वाटलं, संपलं. सकाळी अपघातातून वाचलेली पोरगी आता आपण गमावली.

"आई," भैरवी म्हणाली, "सिनेमात मरायचं असते, तेव्हा मी तुह्या डोळ्यातलं पाणी आठवून मरते. तिथं चालते मले. घरी नको मारू वं."

ती आली. पुढच्याच आठवड्यात साक्षगंध झालं, रुखमाबाईंनी तिला शेजारी बसवून घेतलं आणि दिवसभर तिचा हात सोडला नाही. हार सासऱ्यांच्या फोटोवर परत गेला. मनातलं सगळं लगेच निवळलं असं नाही. भैरवी त्या भिंतीकडे पाहायची आणि मधेच उठून जायची, आणि शोभाताईंना ते सोसावं लागलं.

वाचकहो, आपल्यापैकी किती घरांत असे न दिसणारे हार घातलेले असतील! कोणाची मुलगी नटी, कोणाची परजातीत लग्न केलेली, कोणाची नवऱ्याला सोडून एकटी राहणारी. चार लोकांत तिचं नाव आलं की आपण विषय बदलतो. ते चार लोक आपल्या दुःखात येतील की नाही सांगता येत नाही, लेक मात्र रात्री फोन करून जेवलीस का विचारत असते. कष्टानं कमावणाऱ्या लेकीची लाज धरणं हीच खरी लाजेची गोष्ट आहे. भ्यायचंच असेल, तर आपल्या हातून तिच्यावर असा अन्याय होईल याला भ्या!

दिवाळीनंतर भैरवीचा नवा सिनेमा लागला. शोभाताई दुपारच्या खेळाला गेल्या. दुपट्टा त्यांनी घडी करून पिशवीत ठेवला होता. याही सिनेमात शेवटी भैरवी मरते. शोभाताईंना हुंदका फुटला तशी शेजारची बाई वाकून म्हणाली, "कोण लागते वं ते तुमची?"

"पोरगी," शोभाताई सगळ्या रांगेला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाल्या. "माही पोरगी आहे ते. अन् जिवंत आहे!"