पाच नंबर बराकीतले कांबळे

मित्रांनो, मी एक जुने, करडे कांबळे आहे. मला विणले कैद्यांनी आणि पांघरले तेही कैद्यांनीच. माझा तुरुंग माळव्यातला, देवासपासून फार लांब नाही. त्याचे नाव मात्र सांगत नाही.

पाच नंबरच्या बराकीत जागा चाळीस माणसांची आणि माणसे एकशे दहा. लोक पाळीपाळीने झोपत. कूस बदलायची तरी शेजाऱ्याला विचारावे लागे. तिथे मी उमाशंकरकाकांच्या वाट्याला आले. ते सोनकच्छचे निवृत्त मास्तर. भावकीतल्या मारामारीत त्यांचेही नाव गोवले गेले होते. गुन्हा शाबीत झालेला नव्हता, खटलाही पुढे सरकत नव्हता, तरी दोन हिवाळे ते आत होते. त्यांना दमा होता आणि जागा मिळाली संडासाच्या दाराशी, ओल्या फरशीवर. ओल माझ्यात शिरे आणि माझ्यातून त्यांच्या छातीत. ऊब देणे हेच माझे काम, तेच मला जमत नव्हते.

मनावर गावचा गणोजीही त्याच बराकीत होता, बाहेर तो ट्रक चालवायचा. एके सकाळी त्याने आपली कोरडी जागा सोडली. "काका, तुम्ही इथे या. मेरा क्या, मी बसल्याबसल्या पण झोपतो."

"तुझी जागा घेऊन कसं चालेल रे?" काका धापा टाकत म्हणाले. "कोरडी जागा, डॉक्टर, वकील, हा सगळ्यांचाच हक्क आहे. आपण अर्ज करू."

माझी घडी मांडीवर घेऊन त्यांनी अर्ज लिहिला. पहिले दोन अर्ज शिपायाने परत आणून दिले. "मास्साब, रहने दो. सबका यही हाल है." तिसरा त्यांनी तारखेच्या दिवशी कोर्टात न्यायाधीशबाईंच्या हाती दिला.

बाई पाहणीला आल्या. त्याआधी भिंतींना चुना लागला आणि साठ माणसे मागच्या कारखान्यात नेऊन बसवली.

"काही तक्रार?" बाईंनी विचारले. काकांना खोकल्याने बोलवेना. शेवटी गणोजी उठला.

"मॅडम, आमचे साठ लोक कारखान्यात आहेत. जरा तिकडे पण चला."

बाई गेल्या, त्यांनी पाहिले आणि डॉक्टर पाठवण्याचा हुकूम काढला. तोंड उघडल्याची शिक्षा म्हणून गणोजीची घरच्यांशी मुलाखत मात्र महिनाभर बंद झाली. त्याची बायको दुर्गा मनावरहून यायची आणि फाटकावरूनच परत जायची.

डॉक्टर यायला सतरा दिवस लागले. चौदाव्या दिवशी दुपारी काकांची छाती थांबली. सगळ्यांत आधी ते मला कळले, पण मला हाक कुठे मारता येते?

डॉक्टर अपूर्वाबाईंनी यादीतले पहिलेच नाव वाचले, "उमाशंकर." कोणी ओ दिली नाही. त्यांनी पुन्हा वाचले. मग गणोजी पुढे आला.

"ते गेले, डॉक्टर. अर्ज त्यांचाच होता. आता बाकीच्यांना बघा."

त्या दिवशी एक्केचाळीस जण तपासले गेले.

मित्रांनो, आता मी पार विरले आहे. मला जपा, असे म्हणत नाही. पण तुरुंगाच्या भिंतीआडही माणसेच असतात. त्यांना थंडी वाजते, धाप लागते. त्यांनी हाक मारली तर ती वेळेवर ऐका. सतरा दिवसांनी नको.