गाळलेलं घर

एखाद्या घराविषयी चार लोक कुजबुजू लागले की आपलीही पावलं तिथे जायला कचरतात. कोणत्या गावात हे घडत नाही? टांझानियातल्या म्वांझा शहराजवळ, सुकुमा जमातीच्या एका वस्तीत स्कोलास्तिकाचं अगदी हेच झालं.

वस्तीतल्या ख्रिस्ती घरांच्या प्रार्थनामंडळीची ती प्रमुख. दर शनिवारी सकाळी एकेका घरी प्रार्थना होई आणि मंडळीचा लाकडी क्रूस पुढचा आठवडा त्याच घरी राही. तो आठवडा क्रूस स्कोलास्तिकाकडेच होता आणि आता पाळी होती मिंझा आजीची. पण मागे शेजारचं एक मूल तापानं दगावलं आणि कुणीतरी आजीच्या लालभडक डोळ्यांकडे बोट दाखवलं. लाल डोळे म्हणजे तिकडे चेटकिणीची खूण. झालं, एकटी राहणारी म्हातारी चेटकीण ठरली! "क्रूस तिच्या घरी? छे, छे!" मंडळीतल्या बायका म्हणाल्या. स्कोलास्तिकानं मान डोलावली आणि पुढच्या घरी, रोझाकडे, प्रार्थनेचा निरोप धाडला.

निरोप गेला खरा, पण तिचं चित्त काही थाऱ्यावर राहीना. चुलीवरची उगाली, मक्याच्या पिठाची उकड, करपली. नवऱ्यावर ती उगाचच खेकसली. प्रार्थनेला बसली तर शब्द तोंडातच घोटाळू लागले. समोर ऐकणारं कुणी नाहीच असं वाटून तिला धडकी भरली. शनिवारी उजाडताच ती क्रूस घेऊन निघाली, तर दारात धर्मशिक्षक लुहेंडे उभे.

"कुठं निघालीस, पोरी?"

"रोझाकडे, गुरुजी."

"आणि मिंझा?"

"लोक काय बोलतात ते ठाऊक आहे ना तुम्हाला? त्या घरात देवाला कसं न्यायचं?"

लुहेंडे हसले, पण त्या हसण्यात राग होता. "म्हणजे देव तुझ्या काखेत आहे होय? तू नेशील तिथं जाणार, नाही नेलंस तर बाहेर ताटकळणार! आणि चेटकाला भिणारा देव असेल, तर मिरवतेस कशाला? चुलीत घाल ते लाकूड!"

"गुरुजी!"

"काल बाजारात पोरं कोयत्यांना धार लावत होती. 'चर्चनंसुद्धा म्हातारीला टाकलं,' म्हणत होती. कुणी सांगितलं त्यांना? तू! तोंडानं नाही, घर गाळून सांगितलंस."

स्कोलास्तिकानं क्रूस छातीशी धरला. आपण एका म्हातारीचा जीव पणाला लावला, तोही देवाच्या नावानं! ती तशीच मिंझाच्या घराकडे वळली. वाटेत रोझाच्या दारी थांबून तिला आणि तिथं जमलेल्या बायकांनाही तिनं सोबत ओढलं. त्या कुरकुरतच आल्या.

आजीनं अंगण झाडून चटया अंथरल्या होत्या. "उशीर केलात गं," ती म्हणाली, "रताळी गार झाली."

खोपटाला खिडकी नव्हती. कोळसा परवडत नसल्यानं आजी ओलसर गोवऱ्यांवर चहा उकळत होती. प्रार्थना संपेपर्यंत धुरानं सगळ्यांचे डोळे लालभडक होऊन वाहू लागले. रोझानं अंगाभोवती गुंडाळलेल्या कांग्याच्या, त्या रंगीत सुती वस्त्राच्या, टोकानं डोळे पुसले आणि इतरांकडे पाहून ती थबकली.

"अगं बाई, डोळे बघा आपले! आता आपणही सगळ्या चेटकिणीच की!"

बायका आधी हसल्या, मग ओशाळल्या. स्कोलास्तिका आजीपुढे बसली. "आजी, आम्ही तुझं घर गाळणार होतो. मला माफ कर."

"ठाऊक आहे मला. कालच कानावर आलं."

"मग चटया कशाला अंथरल्यास?"

"ज्याच्यासाठी अंथरल्या तो पहाटेपासून इथंच आहे," आजी म्हणाली. "आम्ही दोघं तुमची वाट बघत होतो."

क्रूस भिंतीवर टांगून स्कोलास्तिका या वेळी घरी परतली नाही. तिनं दारातच चटई टाकली आणि रोझा तिच्या शेजारी येऊन बसली. दिवस कलताना ती कोयतेवाली पोरं आली, दारातल्या बायका पाहून घुटमळली आणि मागे फिरली.

बंधुभगिनींनो, देवाला आपण कुठंच नेत नाही. ज्याला आपण वाळीत टाकतो, त्याच्या घरी तो आपल्या आधी जाऊन बसलेला असतो. तो भेटावा असं वाटत असेल, तर आपल्यालाच तिथं जावं लागतं.