वाघाला कोणी बसवलं?

"भाऊजी, खरं सांगितल्याशिवाय आज सोडणार नाही!"

मेहुण्याने स्टेडियमच्या मागच्या फाटकात वाट अडवली. त्याच्यामागे हरलेल्या संघाचे चाहते, डोक्यात राख घालून उभे. मालिशवाल्याने तेलकट हात टॉवेलला पुसले. उभा जन्म या संघातल्या पोरांच्या पोटऱ्या चोळण्यात गेला होता. असे चेहरे त्याने पाहिले नव्हते.

"वाघाला बाकावर का सडवताय?"

"क्लब बुडवून मैदान बिल्डरच्या घशात घालायचंय, दुसरं काय!"

"मॅनेजरची नवी गाडी काय आभाळातून पडली?"

एकाकडे तर वाघाच्या जेवणात काहीतरी कालवल्याची पक्की खबर होती.

खरं कारण मालिशवाल्याला ठाऊक होतं. वाघ म्हणून मिरवणाऱ्या त्या पोराच्या हृदयात दोष निघाला होता. धावायला सक्त मनाई. त्याचा थोरला भाऊ असाच खेळता खेळता गेला होता. "आईला आत्ता कळलं तर ती हाय खाईल. तिचं ऑपरेशन होऊ द्या, मग मीच सांगतो," म्हणत त्याने मॅनेजरचे आणि मालिशवाल्याचे पाय धरले होते. तेव्हापासून मॅनेजर मूग गिळून शिव्या खात होता.

तेवढ्यात मॅनेजरची गाडी बाहेर आली. जमाव तिच्यावर तुटून पडला. काच फुटली. मागच्या सीटवर मॅनेजरची लेक कानांवर हात दाबून किंचाळत होती.

"थांबा!" मालिशवाला ओरडला. "वाघाला मी बसवलं!"

सगळे वळले.

"त्याच्या पायात दम राहिला नाही. मीच मॅनेजरच्या कानावर घातलं."

गाडी निसटली. मेहुण्याने त्याची कॉलर धरली. "किती खाल्लेत, भाऊजी? माझ्या बहिणीच्या घरात हरामाचा पैसा?" आणि वडीलधारेपणाची भीडभाड न ठेवता त्याने थोबाडीत दिली.

घरी बायकोने सुजलेला गाल पाहिला. "भाऊ येऊन गेला. पुन्हा या घराची पायरी चढणार नाही म्हणाला."

"तुला काय वाटतं?"

"तुम्ही काहीतरी लपवताय. पण पैसे नाही." आणि तिने बर्फ आणून गालाला लावला.

पुढच्या सामन्यात मॅनेजरचं नाव कोणी घेतलं नाही. "मालिशवाला चोर आहे!" अख्खं स्टेडियम गर्जत होतं. सगळ्यांत मोठा आवाज मेहुण्याचा.

बाकावरचा वाघ ताडकन उठला. डोळे भरलेले. "काका, बास झालं. मी आत्ता जाऊन सगळं सांगतो."

समोरचा कॅमेरा त्यांच्याकडेच वळत होता. मालिशवाल्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला हलकेच खाली बसवलं.

"डोळे पूस," तो म्हणाला. "आई टीव्हीवर बघत असेल."