फितीने बांधलेला अँटेना

आराबा एसुमनचं डोकं सकाळपासून तापलं होतं. कॉलेजच्या गच्चीवर तिने उभारलेला अँटेना प्रिन्सिपल अमिसांनी उद्घाटनासाठी सणासुदीच्या रंगीत केंटे कापडात गुंडाळून लाल फितीने कठड्याला करकचून बांधला होता.

"बाळाला नाव ठेवायच्या दिवशीच घराबाहेर काढतात. नानांच्या आधी कुणी तोंड बघायचं नाही," प्रिन्सिपल म्हणाले. नाना म्हणजे गावचे राजे; फीत तेच कापणार होते.

"साहेब, बाळ वर आकाशात आहे! हा आपला कान आहे. कान बांधून ऐकायचं कशाने?"

अशा अँटेनासाठी परदेशी कंपनीने सांगितलेल्या किमतीत अख्खं कॉलेज नव्याने उभं राहिलं असतं. आराबाने पाण्याच्या टाकीचा सांगाडा, पडद्याच्या नळ्या आणि जुन्या टीव्हीच्या छत्रीची मोटर जोडून काम भागवलं. तेव्हा "आँटी, यावर कपडे वाळत घालू का?" म्हणून सगळ्यांनी टर उडवली, आणि आता बाप व्हायला सगळे पुढे!

विद्यार्थ्यांच्या एवढ्याशा उपग्रहाचा कॅमेरा चालूच राहिला होता, बॅटरी संपत आली होती. 'कॅमेरा बंद' हा निरोप आज पोचला नाही तर तो कायमचा मुका होणार होता. तो डोक्यावर यायची वेळ झाली, तरी नानांचा पत्ता नव्हता. खाली मांडवात जोलोफ भात निवत होता.

"नाना निघालेत," प्रिन्सिपल म्हणाले.

"आंघोळीला निघाले असतील!"

"मग उपग्रहाला कळव ना, जरा दमाने ये म्हणावं."

आराबाने तबकातली कात्री उचलली आणि फीत कापली. पण कापड नळ्यांत अडकलं होतं. ते ओढून काढून अँटेना वळेपर्यंत उपग्रह समुद्राकडे कलला होता. तिने निरोप पाठवला. उत्तर आलं नाही. तिला रडू येत होतं आणि प्रिन्सिपलांच्या कानाखाली एक ठेवूनही द्यावीशी वाटत होती.

तेवढ्यात नाना आले. प्रिन्सिपलांनी फितीला घाईने गाठ मारली, नानांनी ती कापली, टाळ्या पडल्या. राजे लोकांशी थेट बोलत नाहीत, म्हणून त्यांच्या दुभाष्याने विचारलं, "नाना म्हणतात, उपग्रहाचा आवाज कुठाय?"

"जुनं रेकॉर्डिंग लाव," प्रिन्सिपल तिच्या कानात कुजबुजले.

"नाही लावणार!" ती नानांकडे वळली. "नाना, तो येऊन गेला. तुमच्यासाठी थांबला नाही. जगलाय की मेलाय, ते पुढच्या फेरीत कळेल."

नानांनी दुभाष्याला हाताने बाजूला केलं.

"मग मीच थांबतो. खुर्ची आणा."

ते थांबले. निवलेला भातही तिथेच खाल्ला. आणि मग पुढच्या फेरीला लॅपटॉपमधून क्षीण, अडखळती टिकटिक ऐकू आली. आराबाने पडद्यावरचे आकडे दोनदा वाचले. निरोप पोचला होता, कॅमेरा बंद झाला होता.

प्रिन्सिपलांनी हात वर केले. "आता टाळ्या वाजवायच्या ना?"

"गप्प बसा हो!" आराबा डोळे पुसत ओरडली. प्रिन्सिपलच काय, नानासुद्धा गप्प बसले.